पोसलेल्या जिवाचे ऋण

ज्या जिवाला आपण स्वहस्ते पाला घालून वाढवले, तोच जीव दुसऱ्या पाळीव जिवाच्या तोंडी देण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी परदेशी छंदातून उद्भवलेला वाटेल. परंतु ज्या रत्नागिरीत देवघरातील पीतांबर आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरची मासळी एकाच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्या गावाला तो परका नाही. ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगनसारखे सरडे हौसेने पाळणारे लोक त्यांच्या आहारासाठी रेशमाच्या अळ्या मुद्दाम वाढवतात, कारण अळीचे अंग मऊ व रसदार असून तिला कठीण कवच नसल्यामुळे ती त्या प्राण्याला सहज पचते. हे ऐकताच पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. तो मला निरर्थक वाटत नाही. मात्र पीतांबर नेसताना तो का येत नाही, याचा विचार झाल्यावाचून त्याला धर्मबुद्धी हे नाव देता येणार नाही.

रेशीमकिड्याची अवस्था इतर कीटकांहून निराळी आहे. हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने वाढल्यामुळे रानात जगण्याचे त्याचे सामर्थ्यच लोपले आहे: पतंगाला पंख असून उडता येत नाही, तो काही खात नाही, आणि अळीपुढे तुतीचा पाला आणून टाकला नाही तर ती तो शोधीत दूर जात नाही. एका मादीच्या अंडीपुंजातून चारशे-पाचशे अळ्या निघतात. चॉकी म्हणजे अगदी लहान अळीच्या अवस्थेत त्यांना कोवळा पाला बारीक चिरून द्यावा लागतो. चार वेळा कात टाकून पंचवीस-अठ्ठावीस दिवसांत अळीचे वजन जन्मवेळच्या सुमारे दहा हजार पट होते. पाला भिजलेला असला किंवा हवेत दमटपणा फार असला तर तिला रोग जडतात, त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात तिचे संगोपन करणे हे मोठ्या दक्षतेचे काम आहे. बीड-जालन्याकडील शेतकरी पूर्ण वाढलेली अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी केलेल्या चौकटीवर, सोडतात आणि तेथे ती कोष विणते. पतंग कोष फोडून बाहेर पडला तर शेकडो मीटर लांबीचा अखंड धागा तुटतो, म्हणून तत्पूर्वीच आतला जीव वाफेने किंवा उष्ण हवेने मारला जातो. सरड्याच्या तोंडी जाणारी अळी कोषापर्यंत पोहोचत नाही, एवढाच काय तो भेद.

आणि हेच वस्त्र आमच्याकडे सोवळ्याचे! सुती धोतर दरवेळी धुऊन, कोणाचाही स्पर्श न होऊ देता वाळवावे लागे. रेशमी मुकट्याला किंवा कदाला ते बंधन नव्हते. यात आमच्या आज्या-पणज्यांचे ढोंग होते असे मी मुळीच म्हणणार नाही. रेशीम परमुलखातून पेठेत येई, पेठेतून घरी येई, आणि त्यामागील मरण त्यांच्या दृष्टीस कधी पडलेच नाही. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग धागा काढण्याची जी पद्धत रूढ केली तिच्यामागील करुणा खरी आहे. तथापि सुटलेला पतंग जाणार कोठे, आणि त्याच्या शेकडो अपत्यांना पाला कोण घालणार, हा प्रश्न तिनेही सुटत नाही.

विनयपिटकात या विषयाची एक कथा आहे. आळवी येथील भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि आम्हांला आसनासाठी रेशीम द्या, त्याकरिता पुष्कळ किडे उकळा, असे म्हणाले. त्यावर त्या कारागिरांनी तक्रार केली, की बायकापोरांच्या पोटासाठी आम्हांला इतके जीव मारावे लागतात हेच आमचे दुर्दैव, आणि हे श्रमण आणखी मारावयास सांगतात! तेव्हा बुद्धांनी रेशीममिश्रित आसन करवून घेण्यास मनाई केली. रेशमी चीवर मात्र भिक्षूला निषिद्ध नव्हते. ब्रह्मदेशच्या ज्या थिबा राजाने १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैद भोगली, त्याने राज्यावर येण्यापूर्वी संघात राहून पाली ग्रंथांची परीक्षा दिली होती. त्याच्या विद्येतला हा भेद आमच्या सोवळ्याच्या विचारात कधी शिरला असता तर बरे झाले असते. वस्तू आयती हाती येणे आणि तिच्यासाठी मरणाचा हुकूम देणे, या दोहोंत विनयाने रेघ ओढली आहे.

आमच्या धर्मशास्त्राने वेगळ्या मार्गाने हेच ओळखले होते. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने मनूने सांगितली आणि त्या दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ लावून दिले. मला या व्यवस्थेची थोरवी अशी वाटते, की हिंसेविना जगता येईल असे खोटे आश्वासन तिने कोणालाच दिले नाही. उलट प्रत्येक घरावर तिने एक कर्ज नोंदले आणि ते रोज फेडावयास लावले. मात्र ती पाचही स्थाने पोटाशी निगडित आहेत. चुलीवाचून घर चालत नाही, पण काचेच्या पेटीतील सरड्यावाचून ते चालते, आणि पीतांबरावाचूनही चालते. अळी मारली जाते यापेक्षा मारण्याची गरजच आपण हौसेखातर उत्पन्न केली, हा अधिक मोठा दोष होय, असे माझे स्पष्ट मत आहे. सरडा निर्दोष आहे. तो आपल्या स्वभावाप्रमाणे खातो. घोरपड किंवा नक्षत्रकासव पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, पण परदेशी प्राण्याला नोंदणीचा कागद मिळाला म्हणून नैतिक प्रश्न मिटत नाही. याच जिल्ह्यातील वेळासच्या लोकांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साहाय्याने समुद्रकासवांची अंडी राखली आणि पिल्ले समुद्रात सोडली. सरपटणाऱ्या जिवावर मालकी न सांगता प्रेम करता येते, याचे हे आमच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

परंतु ज्याच्या घरी असा प्राणी आलाच आहे, त्याला आता मागे फिरता येत नाही. शिबी राजाने कपोताला अभय दिले, तेव्हा ससाण्याने विचारले की माझ्या भुकेचे काय. आणि राजाने तो दावा नाकारला नाही, स्वतःच्या मांडीचे मांस तोलून दिले. पाळलेल्या सरड्याची भूकही असाच एक न्याय्य दावा आहे, आणि तो पाळणाऱ्याने आपल्या अंगावर घेतला पाहिजे. ही अळी तर यासाठीच जन्मली, असे म्हणून सुटका होत नाही, कारण तिला या कारणासाठी जन्माला घातले ते आपणच. त्यामुळे तिच्यावरील आपले उत्तरदायित्व घटत नाही, वाढते. तिला कोरडा, ताजा पाला मिळावा, जाळीत गर्दी होऊ नये, गरजेपेक्षा अधिक अंडीपुंज आणू नयेत, आणि सरड्याला लागल्या नाहीत त्या अळ्यांचा पाला बंद करून त्यांना मारू नये; त्यांना कोष करू द्यावा, पतंग होऊ द्यावे, आणि त्यांचे चार-आठ दिवसांचे आयुष्य पुरे होऊ द्यावे.