बदलीच्या हुकमावरची सही

1984 मध्ये बर्नार्ड लॉ अमेरिकेतल्या बोस्टनचे कॅथलिक आर्चबिशप झाले. त्याच वर्षी एका बाईचं पत्र त्यांच्या हाती पडलं. फादर जॉन गेगन यांनी तिच्या कुटुंबातल्या सात मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचं तिने आधीच्या आर्चबिशपांनाही 1982 मध्येच कळवलं होतं. लॉ यांनी उत्तर दिलं: चौकशी चालू आहे, योग्य तो निर्णय होईल. निर्णय झालाही. गेगन यांची वेस्टन गावातल्या सेंट ज्युलिया धर्मग्रामात बदली झाली. तिथे त्यांच्याकडे वेदीसेवक मुलं सोपवली गेली. डिसेंबरमध्ये साहाय्यक बिशप जॉन डार्सी यांनी ही नेमणूक योग्य नाही असं लॉ यांना लेखी कळवलं, तरी ती रद्द झाली नाही.

पुढे बचाव असा झाला की डॉक्टरांनी गेगन कामाला योग्य असल्याचा दाखला दिला होता. पण मुलांवरचा अत्याचार हा गुन्हा. त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं आणि पोलिसांकडे नाही, हे ठरवलं कोणी? आणि दाखल्यावर एवढा विश्वास होता, तर वेस्टनच्या आईबापांना आधी सगळं सांगून मग नेमणूक का केली नाही? माणूस जगासमोर धडधडीत खोटं बोलतो तेव्हा निदान कोणीतरी त्याला जाब विचारू शकतं. इथे खोटं बोलायची वेळच येऊ दिली नव्हती. फादरांचं स्वागत करणाऱ्या भाविकांना काही कळणार नाही, एवढीच व्यवस्था केली होती. मला ही गोष्ट अत्याचाराइतकीच भयंकर वाटते.

गेगन यांच्यावर पुढे 130हून अधिक लोकांनी आरोप केले. न्यायालयाने चर्चची कागदपत्रं खुली करायला लावली, ‘बोस्टन ग्लोब’ने जानेवारी 2002 पासून सगळं छापलं आणि डिसेंबरमध्ये लॉ यांनी राजीनामा दिला. लॉ यांच्यावर फौजदारी खटला मात्र कधीच झाला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या अॅटर्नी जनरलनी 2003 मध्ये सांगितलं की त्या काळच्या कायद्यात वरिष्ठांवर गुन्हा लावता येत नाही. 2004 मध्ये पोपनी लॉ यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाचं प्रमुखपद दिलं. अत्याचार सोसलेल्यांनी यातून काय समजायचं?

चर्चची क्षमाशीलता मला मोलाची वाटते. पण क्षमा करायचा अधिकार त्या मुलांचा होता, तो बिशपांनी परस्पर वापरला.

आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने वरिष्ठांना सुटण्याचं हे दार बंद केलं आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळूनही संस्थाप्रमुखाने तो पोलिसांना कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वसईतला धर्मग्राम असो, मठ असो, मदरसा असो की आश्रमशाळा, कलम तेच आहे. तक्रार घेऊन आलेल्या आईला ‘संस्थेचं नाव खराब होईल’ असं समजावणारा विश्वस्तही त्यात येतो, आणि पोलिसांनी त्याचंही नाव गुन्ह्यात घातलं पाहिजे.