गुरूचा गाभा आणि अनुमानाचा अधिकार

गुरू ग्रहाच्या केंद्रापाशी काय आहे, हे कोणी पाहिलेले नाही आणि पाहता येईल अशी चिन्हेही नाहीत. या ग्रहाला उतरण्याजोगी जमीनच नाही. हायड्रोजन आणि हेलियमचे वातावरण खाली जाता जाता दाट होते आणि कुठेही सीमारेषा न आखता द्रवासारखे होऊन जाते. गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या ढगांत शिरली. तिचे संदेश तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ येत राहिले आणि पृथ्वीवरील हवेच्या सुमारे २२ पट दाबापाशी थांबले. तोवर ती दीडशे किलोमीटरच्या आसपास खाली गेली होती. केंद्र सुमारे ७० हजार किलोमीटर खोल आहे. म्हणजे गुरूच्या गाभ्याविषयी जे काही सांगितले जाते, ते सगळे बाहेरून केलेले अनुमान असते. अशा विधानाला ज्ञान म्हणावे की नुसता अंदाज, हा प्रश्न खगोलशास्त्राचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. प्रत्यक्ष दिसेल तेवढेच खरे, ही चार्वाकांची भूमिका. नैयायिकांनी अनुमानाला स्वतंत्र प्रमाण मानले आणि न्यायसूत्रांत त्याचे पूर्ववत्, शेषवत् व सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले. यातल्या शेषवत् अनुमानात कार्यावरून कारणाकडे जायचे असते. वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण नदीच्या पुराचे आहे: पाणी चढले, वेग वाढला, तर वर कुठेतरी पाऊस झाला असला पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णेच्या काठावर राहणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या शिवारात थेंब पडलेला नसताना नदी गढूळ होऊन फुगली, की वरच्या अंगाला पाऊस झाल्याचे तो खात्रीने सांगतो. ही खात्री भाबडी नसते. नदीला फुगवणारी दुसरी कारणे कोणती, हे त्याला माहीत असते आणि ती तपासूनच तो बोलतो. वरचे धरण सुटले असेल, तर तो पावसाचे नाव घेत नाही. अनुमानाचा अधिकार या तपासणीतून येतो.

गुरूच्या बाबतीत पुराची जागा गुरुत्वाकर्षण घेते. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे, पण सरासरी घनता पाण्याच्या १.३३ पटच. एवढा मोठा गोल दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तो विषुववृत्तापाशी फुगलेला आणि ध्रुवांपाशी चपटा आहे. तो नेमका किती चपटतो, हे आतले वजन कसे वाटले गेले आहे यावर ठरते. ज्युनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचले आणि ढगांच्या माथ्यापासून काही हजार किलोमीटरवरून पुन्हा पुन्हा झेपावत गेले. आतल्या वस्तुमानाच्या ओढीने यानाचा वेग अगदी किंचित बदलतो. त्या बदलाने त्याच्या रेडिओ संदेशाची वारंवारता सरकते आणि ती सरक पृथ्वीवरच्या अँटेना मोजतात. न दिसणाऱ्या गाभ्याची खबर अशी दिसणाऱ्या आकड्यांतून येते.

या मोजमापांपूर्वी सर्वाधिक मान्य असलेले चित्र सोपे होते. आधी खडक आणि बर्फाचा, पृथ्वीच्या दहाएक पट वजनाचा घट्ट गोळा तयार झाला, मग त्याने भोवतालचा वायू ओढून घेतला. म्हणून मध्यभागी तो गोळा अजून असणार. ज्युनोच्या आकड्यांशी हे चित्र नीट जुळेना. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने विरळ गाभ्याची कल्पना पुढे आणली. त्यानुसार जड मूलद्रव्ये केंद्रापाशी अधिक आहेत, पण ती हायड्रोजनमध्ये मिसळलेली असून ग्रहाच्या जवळजवळ निम्म्या त्रिज्येपर्यंत पसरलेली असू शकतात. त्यांचे वजन पृथ्वीच्या ७ ते २५ पट निघते. आकड्यांतली ही रुंदी लपवण्याचे कारण नाही. गुरूच्या खोलात दाब इतका प्रचंड की हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक होतो, आणि अशा हायड्रोजनमध्ये खडक व बर्फ विरघळू शकतात, असे गणिते सांगतात. ही स्थिती आली कशी, यावर मात्र एकमत नाही. बालवयातल्या गुरूवर मोठा ग्रह आदळून गाभा विस्कटला, असे एक मत आहे; मुळातच खडक आणि वायू एकत्र गोळा होत गेले, असे दुसरे. शनीच्या कड्यांतील लाटांचा अभ्यास करून २०२१ मध्ये त्या ग्रहाचा गाभाही असाच पसरट, त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पोहोचणारा असल्याचे मांडले गेले.

इथे खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक वस्तूच्या मध्यभागी तिच्या इतर भागांहून वेगळे, तिचे सत्त्व असलेले काहीतरी असलेच पाहिजे का? छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावतो, मग बी फोडायला लावतो. आत काही दिसत नाही, तेव्हा त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा महावृक्ष उभा आहे, असे तो सांगतो. बौद्ध सूत्रांत केळीच्या खांबाचा दृष्टांत उलट दिशेने जातो: सोपटे सोलत गेले तरी गर हाती लागत नाही, तसे माणसाला घडवणाऱ्या पंचस्कंधांतही सार नाही. विरळ गाभ्याचा गुरू दोन्हींपैकी कोणाचीच साक्ष देत नाही. तिथे केंद्राजवळ जड द्रव्य आहे, पण गाभा इथून सुरू झाला असे बोट ठेवून दाखवता येत नाही. यावरून ऋषींना किंवा बुद्धांना गुरूचे अंतरंग ठाऊक होते असे म्हणणे, हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि ज्युनोच्या गणितावरही. त्यांचा शोध माणसाच्या स्वरूपाचा होता.

बाहेर आणि आत यांचा संबंध खडकपूर्णेच्या काठच्या त्याच तालुक्यातल्या एका संताने सर्वांत धारदारपणे मांडला. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते, आणि खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. उसाचा त्यांचा अभंग महाराष्ट्राला पाठ आहे: वरचे रूप वाकडे असले म्हणून आतला रस वाकडा ठरत नाही. जातीमुळे पंढरपूरच्या गाभाऱ्यात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर आहे. तरी विठ्ठलाला ते ओळखत होते, हे त्यांचे अभंग सांगतात. मात्र आपले गुरूच्या गाभ्यापासूनचे अंतर आणि चोखामेळा यांचे गाभाऱ्यापासूनचे अंतर यांची सांगड घालता येणार नाही. गुरूच्या गाभ्यापाशी जाण्याची वाट दाब आणि उष्णतेने बंद केली आहे. विठ्ठलाच्या गाभाऱ्याची वाट माणसांनी बंद केली होती, आणि साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर ती माणसांनीच उघडली.

गुरूच्या बाबतीत अनुमानाखेरीज दुसरा मार्ग नाही, म्हणून त्याची शिस्त अधिक पाळावी लागते. मध्यभागी काळाभोर, कडा आखलेला टणक गोळा दाखवणाऱ्या आकृत्या जिथे जिथे असतील, तिथे शिक्षकांनी निदान ती कड पुसून रंग हळूहळू फिका होत गेलेला दाखवावा आणि हे कोणी पाहिलेले नाही, मोजून काढले आहे, एवढे मुलांना सांगावे.