तो सापडेपर्यंत

शास्त्रभाग : लूक १५:१–७



हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात एक शब्द आहे, तो आपण वाचताना सहज ओलांडून जातो. मेंढपाळ शोधावयास निघाला, एवढेच सांगून प्रभू थांबत नाही. मेंढरू सापडेपर्यंत तो शोधीत राहतो, असे प्रभू सांगतो. शोधावयास निघणारे पुष्कळ असतात. दिवस मावळला, पायांत काटे रुतले, म्हणजे "नव्याण्णव तर आहेतच ना!" असे म्हणून माघारी फिरणारेही पुष्कळ असतात. सापडेपर्यंत थांबावयाचे नाही, असे ज्याने मनाशी ठरविले तोच खरा मेंढपाळ होय.

परमुलखात नाहीशा झालेल्या एका मनुष्याच्या शोधाची हकीकत या शब्दावर चांगला प्रकाश पाडते. आणि तिचा एक धागा आपल्या नाशिकास येऊन मिळतो.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे स्कॉटलंडातील वैद्य व मिशनरी. इ. स. १८६५ मध्ये ते मुंबईस होते. नाशिकजवळील शरणपूर येथे त्या वेळी, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांचा आश्रम होता. तेथील नऊ तरुण बरोबर घेऊन ते १८६६ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले व अंतर्भागात शिरले. गुलामांचा व्यापार बंद पडावा आणि नाईल नदीचा उगम सापडावा, हे त्यांचे हेतू होते. पुढे त्यांची बहुतेक पत्रे वाटेतच नाहीशी झाली व ते जिवंत आहेत की नाहीत हेही कोणास कळेना.

आता या शोधातून तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली ही की, वाईट बातमी आली म्हणून आशा सोडू नये. त्यांच्या सोबत्यांपैकी काही जण पळून किनाऱ्यावर आले आणि आपला पळपुटेपणा झाकण्यासाठी, "साहेब मारले गेले," असे शपथेवर सांगू लागले. अनेकांनी ते खरे मानले. परंतु लंडनच्या भूगोल संस्थेने १८६७ मध्ये यंग नावाच्या गृहस्थास चौकशीस पाठविले. त्याने न्यासा सरोवरापर्यंत जाऊन तेथील लोकांस विचारले, तेव्हा लिव्हिंग्स्टन सुखरूप पुढे गेल्याचे समजले. मरणाची वार्ता खोटी ठरली. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोबाने वर्षानुवर्षे शोक केला; पण योसेफ मिसर देशात जिवंत होता!

दुसरी गोष्ट ही की, शोध म्हणजे केवळ हळहळ नव्हे. शोध म्हणजे चालणे आणि विचारणे. १८६९ मध्ये न्यूयॉर्क हेरल्ड या वर्तमानपत्राच्या मालकाने हेन्री स्टॅन्ली नावाच्या बातमीदारास हे काम सोपविले. ज्याला बालपणी आपल्यांनीच टाकले व जो वेल्समधील गरिबांच्या आश्रमात वाढला, असा हा मनुष्य. तो काही संत नव्हता. हमालांशी तो फार कठोरपणे वागे. तो मुंबईवरून झांझिबारला गेला आणि १८७१ च्या मार्चात किनाऱ्यावरून आत निघाला. ताप, लढाया, सोबत्यांचे मृत्यू, सर्व सोसून वाटेत भेटेल त्या तांड्यास तो एकच प्रश्न विचारी. अखेर एका तांड्याने सांगितले की, पांढऱ्या दाढीचा एक गोरा म्हातारा उजीजी गावी आला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात टांगानिका सरोवराच्या काठी ती भेट झाली.

लिव्हिंग्स्टन तेव्हा खंगलेले होते. औषधांची पेटी कधीच चोरीस गेली होती आणि त्यांच्यासाठी आलेला माल रखवालदाराने विकून टाकला होता. यरुशलेमेहून यरीहोस जाताना लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्यासारखी आपली स्थिती झाली, पण शोमरोनी येण्याची आशा नाही, असे त्यांना वाटे. इतक्यात स्टॅन्ली अन्न, औषध आणि घरची पत्रे घेऊन दारी उभा राहिला. एका वर्तमानपत्राच्या बातमीसाठी मनुष्य इतके चालतो, तर बंधूच्या जिवासाठी आपण किती चालावे?

तिसरी गोष्ट सर्वांत थोर. लिव्हिंग्स्टन परत गेले नाहीत. आपले काम पुरे करावे म्हणून तेथेच राहिले. स्टॅन्लीने त्यांच्या मदतीस पाठविलेल्या माणसांत शरणपूरच्या आश्रमात शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले; बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते आढळले. सेवकांनी त्यांचे हृदय तेथे झाडाखाली पुरले. जेकबने प्रेतक्रियेची उपासना वाचली आणि त्या झाडावर लेख कोरला. मग त्यांनी ते शरीर वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यास आणले. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने ते तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी मानला नाही. पूर्वी सिंहाने मोडलेल्या हाताच्या खुणेवरून लंडनात ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्यांत स्टॅन्ली होता आणि जेकबही होता.

बंधूंनो, हा जेकब कोण? जो स्वतः आईबापांपासून तोडला जाऊन परक्या देशी हरवला होता, तो! ज्याला कोणी तरी शोधून सोडविले, त्यानेच दुसऱ्यास घरी पोहोचविले.

आजही आपल्या गावचे तरुण आखाती देशांत मजुरीस जातात, जहाजांवर नोकरी धरतात, आणि एके दिवशी एखाद्याचा फोन बंद होतो. अशा वेळी "तिकडेच दुसरे घर केले असेल," असे पारावर बोलू नका. त्याच्या बायकोला विधवा ठरवू नका. मुलगा निघतानाच त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत आणि मालकाचे नाव व पत्ता घरी ठेवून घ्या. खबर थांबली तर पोलिसांस कळवा, त्या देशातील भारतीय वकिलातीस अर्ज करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. आईबापांस लिहिता येत नसेल, तर उपदेशकाने त्यांच्या ओसरीवर बसून अर्ज लिहावा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावा. हीदेखील मेंढपाळाची सेवा आहे. आणि दर रविवारी त्या मुलाचे नाव घेऊन मंडळीने प्रार्थना करावी, म्हणजे त्या घराला एकटे वाटणार नाही.

काही शोध मनासारखे संपत नाहीत, हे खरे. पण ज्या ठिकाणी आपले पत्र पोहोचत नाही, तेथे प्रभूची दृष्टी पोहोचते. तुम्हांआम्हांस शोधण्यासाठी तो स्वतः स्वर्ग सोडून आला, आणि त्याच्या हातांतील जखमा हीच त्याची खूण आहे. ज्याने आपणांस खांद्यावर घेतले, त्याच्या मागे आपणही निघू या. आणि सापडेपर्यंत माघारी फिरू नये, एवढे बळ तो आपणांस देवो. आमेन.