आधी खोली बघा

घर सोडून निघालेल्या तरुणांची गोष्ट जालना जिल्ह्याला नवी नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण सूर्याजी ठोसर बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळाला, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तो पुढे समर्थ रामदास झाला. त्यानंतर अडीचशे वर्षांनी दुसरा एक नारायण मुंबई सोडून जालन्यात आला. रेव्हरंड नारायण शेषाद्री. त्यांचं नाव मात्र ख्रिस्ती मंडळीच्या आवाराबाहेर क्वचितच निघतं. तरुण संघाचं काम करायला अहिल्यानगरहून, कोल्हापूरहून, नागपूरहून या जिल्ह्यात येणाऱ्या विशी-बाविशीच्या मुलामुलींचा विचार करताना मला हे दोन्ही नारायण आठवतात. दुसरा जरा जास्त.

शेषाद्री ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, त्यांच्यापाशी मिशनमध्ये राहिला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाचा ताबा वडिलांना दिला. पोर घरी आलं खरं. पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मुंबईत रण माजलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू लावून धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका भावाचं घर तुटलं, दुसऱ्याला घर मिळूनही पंगतीसाठी झगडावं लागलं. घर तुटणं म्हणजे काय, हे शेषाद्रींना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

असा माणूस 1860च्या दशकात जालन्यात कामाला लागला. मुलूख निजामाचा, शहरात फौजेची छावणी. उपदेश त्यांनी केलाच. पण बाप्तिस्म्याला पुढे येणारे बरेचसे मांग आणि महार, आणि त्यांचा प्रश्न उपदेशाने सुटणारा नव्हता. गावकीतलं काम आणि त्यापोटी मिळणारं धान्य हाच ज्यांचा आधार, त्यांनी गावाच्या मर्जीबाहेर पाऊल टाकलं की चूल कशावर पेटणार? शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. ती मिळाली आणि शहराजवळ बेथेल हे गाव उभं राहिलं. घरं आली, शेतं आली, शाळा आली, प्रार्थनामंदिर आलं. नावही काही उगाच घेतलेलं नाही. पवित्र शास्त्रातला याकोब भावाच्या भीतीने घर सोडून निघतो, रात्री उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपतो, ती जागा म्हणजे बेथेल.

1873 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत हा माणूस बोलला, याचं आपल्याकडे जास्त कौतुक होतं. मला त्या भाषणापेक्षा जमिनीचा अर्ज मोठा वाटतो. उपदेशकाने आधी लोकांच्या राहण्याची सोय बघितली, ही गोष्ट आजच्या कमिट्यांनी भिंतीवर लावण्यासारखी आहे.

याला दुसरी बाजू आहे. मिशनने वसवलेल्या वस्त्यांना कुंपणही पडलं. आत साहेबाच्या तोंडाकडे बघण्याची सवय आणि बाहेर गावाशी तुटलेपण. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना ही मिंधेपणाची हवा सोसेना. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. टिळकांचं बरोबर होतं. पण पगार सोडणाऱ्या टिळकांच्या घरात कोणकोण येऊन राहत होतं आणि ते घर कोण चालवत होतं, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावं. त्यागाची कीर्ती नवऱ्याला मिळते आणि पीठ-मीठ बायकोला बघावं लागतं. तरुण सेवकांना त्यागाचे धडे देताना आपण टिळकांचं नाव घेतो, लक्ष्मीबाईंचं विसरतो.

आता आजचं चित्र. बैठकीत ठरतं, ‘तरुणांसाठी एक सेवक पाहिजे.’ कोणी म्हणतं पोरं मोबाइलमध्ये गेली, कोणी म्हणतं दुसऱ्या चर्चला गेली, तिथे ड्रमसेट आहे. मानधनाचा आकडा ठरायला पाच मिनिटं लागतात, कारण तो वाढवायचा नसतोच. मुलगा येतो. त्याला कीबोर्ड येतो हे कळल्याबरोबर तो कीबोर्डवाला होतो. मोटरसायकल येते हे कळलं की पाळकसाहेबांचा ड्रायव्हर. नाताळच्या नाटकाला पडदा तोच बांधणार, खुर्च्या तोच मोजून परत करणार, पडद्यावर गीतांचे शब्द तोच चढवणार. मुलगी असेल तर आणखी वेगळं. एकट्या मुलीला खोली कोण देणार म्हणून तिची व्यवस्था कुणाच्या तरी घरी होते, आणि संडे स्कूल घ्यायला आलेली मुलगी महिनाभरात त्या घरच्या पोळ्या लाटताना दिसते. याला ‘घरच्यासारखं’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

मुलाच्या खोलीचं म्हणाल तर ती शोधणं त्याच्यावरच सोडलेलं असतं. मालक आडनाव विचारतो, मग गाव, मग काम. ‘चर्चमध्ये’ म्हटलं की थोडा वेळ थांबतो आणि म्हणतो, ‘बघतो, घरच्यांना विचारून सांगतो.’ बाहेरगावचा पोरगा पाठीवर सॅक घेऊन वस्त्यांमधून हिंडायला लागला की ‘हा कशासाठी फिरतोय’ हा प्रश्न हल्ली लगेच उठतो. त्याचं उत्तर त्या बावीस वर्षांच्या पोराने एकट्याने द्यावं, ही अपेक्षा मला भित्रेपणाची वाटते. कमिटीतला एखादा वडील पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जाऊन मालकाला, शेजाऱ्याला, चहाच्या टपरीवाल्याला ‘हा आमचा मुलगा’ एवढं सांगू शकतो. त्याला पैसेही लागत नाहीत.

आणि ज्या तरुणांसाठी त्याला बोलावलं, ते आहेत कुठे? जालना हे बियाण्यांचं आणि लोखंडाचं शहर. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, पुढे स्टीलचे कारखाने वाढले. तरीही बारावी-पदवी झालेला मुलगा पुण्याची बस धरतोच, आणि गावाकडची काही कुटुंबं दिवाळीनंतर उसाच्या फडावर निघून जातात. म्हणजे युवासेवक जिल्ह्यात येतो तेव्हा युवक जिल्ह्याबाहेर चाललेले असतात. नाताळच्या आठवड्यात मंदिर तुडुंब भरतं, जानेवारीत पुन्हा म्हातारे, लहान मुलं आणि ज्यांना जाता आलं नाही ते. या राहिलेल्यांकडे ‘उरलेले’ म्हणून बघायचं नाही, हे पहिल्या वर्षात ज्याला कळलं तो सेवक टिकला म्हणायचा.

खेड्यातल्या प्रार्थनासभेला अशा एका नव्या मुलासोबत मी गेलो होतो. ओट्यावर सतरंजी, ढोलकी, टाळ, वर एकच दिवा. त्याने गिटारची पिशवी उघडून स्वर जुळवले. तोवर एका म्हातारीने ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातलं पद उचललंसुद्धा, पुस्तकाशिवाय, आणि तेही अशा चालीत की ते त्याच्या कॉर्डमध्ये बसेना. दोन कडवी तो तारांवर बोटं शोधत राहिला. मग गिटार भिंतीला टेकवून त्याने टाळ मागून घेतले. सभा संपल्यावर म्हातारीने विचारलं, ‘कोणत्या गावचा रे लेकरा? मायबाप हायेत का?’ आणि उत्तर यायच्या आत, ‘जेवून जा.’ मंडळीच्या कागदोपत्री नेमणुकीपेक्षा ही नेमणूक पक्की होती.

त्याच ओट्यावर एका पोराने त्याला हळूच विचारलं, दाखल्यावर काय लिहायचं? हा प्रश्न कुठल्याही शिबिराच्या पुस्तिकेत नसतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे बेथेलच्या काळात ज्यांच्या पूर्वजांनी गावकीची किंमत मोजली, त्यांची पणतवंडं आजही मंदिराच्या नोंदवहीत एक आणि तहसीलच्या कागदावर दुसरं, अशा कोंडीत सापडतात. नव्या सेवकाने या पोराला खरेपणावर प्रवचन दिलं तर त्या पोराने पुन्हा तोंड दाखवू नये, आणि दाखवणारही नाही. या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. पण सेवक पाठवताना त्याला हा कायदा समजावून पाठवावा, एवढं तरी होऊ शकतं. बायबलचा अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांचा असतो, त्यात या आदेशासाठी एक दुपार निघायला हरकत नाही.

इथे मला पहिला नारायण आठवतो. रामदासांनी घर सोडलं, पण आपल्या महंतांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना मठ दिला, दिवसाची शिस्त दिली आणि भिक्षा दिली. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे, आणि त्यात भिक्षा पोटापुरती नाही; तिच्या निमित्ताने मुलूख हिंडायचा, माणसं पारखायची, घराघराची ओळख करून घ्यायची. परक्या गावात पाठवलेल्या तरुणाला लोकांच्या उंबऱ्यापर्यंत नेणारी याहून साधी युक्ती कोणी काढली असेल असं वाटत नाही. ख्रिस्ती मंडळीने हे रामदासांकडून घ्यायला लाजू नये. जांब काही फार लांब नाही.

तेव्हा जूनमध्ये नवा सेवक येणार असेल त्या प्रत्येक पास्टरेट कमिटीला माझी विनंती आहे. नेमणुकीचं पत्र टाइप करण्याआधी खोली बघा आणि भाडेकरार मंडळीच्या नावाने करा. आठवड्यातून दोन वेळा तो कोणाकडे जेवेल, ती घरं आधी ठरवा. सोमवारची सुट्टी लेखी द्या, आणि त्या दिवशी पाळकसाहेबांनी फोन करू नये हेही लिहा. पहिल्या वर्षी किती तरुण जमवले हा आकडा मागू नका. किती घरांत पाणी प्यायला ते विचारा. एवढं करायची तयारी नसेल तर यंदा नेमणूक करू नका, कीबोर्डवाला भाड्याने मिळतो.