झांझिबार, मुंबई इलाखा

१८८४ साली लंडनहून एक राजाज्ञा निघाली आणि झांझिबारमधल्या ब्रिटिश प्रजाजनांपुरते ते बेट कायद्याच्या दृष्टीने मुंबई इलाख्यातला एक जिल्हा झाले. बेटावर राज्य होते ओमानी वंशाच्या सुलतानाचे; ब्रिटिश संरक्षण जाहीर व्हायला अजून सहा वर्षे होती. पण लवंग आणि हस्तिदंताच्या व्यापारात जम बसवलेले भाटिया, खोजे, बोहरी ब्रिटिशांच्या छत्राखाली मोडत. त्यांच्या तंट्यांसाठी ब्रिटिश वकिलातीचे न्यायालय होते आणि तिथे भारतीय कायदे चालत. अपील करायचे तर मुंबईच्या हायकोर्टात. १८९७ मध्ये याच धर्तीची तरतूद पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीसाठी झाली. ज्यांनी मुंबई हे नावही ऐकले नसेल अशा माणसांचे गुन्हे पुढे कलकत्त्यात संमत झालेल्या १८६० च्या दंडसंहितेने मोजले जाऊ लागले. वसाहतींच्या कायद्यांची चर्चा होते तेव्हा आपण बहुधा त्यांतली कलमे तपासतो: राजद्रोहाचे कलम जुलमी होते की नाही, करारकायदा चांगला होता की नाही. ही तपासणी हवीच. पण माझ्या मते वसाहतवादाचे खरे बळ दुसरीकडे होते. कोणता कायदा कोणत्या मुलखाला, कधीपासून आणि किती प्रमाणात लावायचा हे ठरवण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्यांच्या हाताबाहेर ठेवण्यात ते होते. कायदे बदलले, राज्यकर्ते बदलले, तरी ही रीत टिकून राहिली, आणि म्हणून ती अधिक काळजीपूर्वक पाहायला हवी.

या रीतीचा कायदेशीर पाया समजून घ्यायला खासी-जैंतिया टेकड्यांमधल्या बुरा आणि बुक सिंग या दोन आरोपींचा खटला पाहावा. १८६९ च्या एका कायद्याने गारो टेकड्या बंगालच्या नेहमीच्या न्यायालयांच्या आणि कायद्यांच्या कक्षेतून बाहेर काढल्या गेल्या. त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरला मुभा दिली, की गॅझेटात अधिसूचना काढून त्याने हीच व्यवस्था शेजारच्या टेकड्यांनाही लावावी. १८७१ मध्ये त्याने ती लावली. या दोघांना खुनाच्या आरोपावरून तिथल्या डेप्युटी कमिशनरने फाशीची शिक्षा सुनावली; ती पुढे जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. त्यांनी कलकत्ता हायकोर्टाकडे अपील केले तेव्हा पहिला प्रश्न असा उभा राहिला, की अपील ऐकण्याचा अधिकार हायकोर्टाकडे उरला आहे का. तो अधिकार एका अधिकाऱ्याच्या अधिसूचनेने काढला गेला होता. हायकोर्टातल्या बहुसंख्य न्यायमूर्तींनी म्हटले, की विधिमंडळाला आपले काम असे दुसऱ्याच्या हाती सोपवता येणार नाही. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल फिरवला. भारतीय विधिमंडळ हे ब्रिटिश पार्लमेंटचे हस्तक नाही, आपल्या मर्यादेत ते पूर्ण अधिकारांचे मंडळ आहे, आणि कायदा कुठे व केव्हा अमलात आणायचा हे ठरवण्याची जबाबदारी ते कार्यकारी अधिकाऱ्यावर टाकू शकते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल भारतीय विधिमंडळाचा दर्जा वाढवणारा म्हणून नोंदला जातो, आणि एका अर्थाने ते खरेही आहे. पण दर्जा वाढला कोणाचा? त्या मंडळात एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. गव्हर्नर जनरल, त्याचे सल्लागार आणि नेमलेले काही गृहस्थ एवढेच ते मंडळ होते. जनतेला उत्तरदायी नसलेल्या मंडळाने आपला अधिकार त्याहूनही कमी उत्तरदायी अधिकाऱ्याकडे दिला, आणि परिणाम असा की टेकड्यांमधल्या दोन माणसांचे हायकोर्टाचे दार बंद झाले. निकालातल्या तत्त्वचर्चेत ही गोष्ट हरवते, म्हणून ती इथे मुद्दाम मांडतो आहे.

हा खटला निघण्याआधीच, १८७४ मध्ये, शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स कायद्याने ही रीत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पक्की केली होती. त्याच्या परिशिष्टातली मुंबई इलाख्याची यादी पाहण्यासारखी आहे: सिंध प्रांत, पंचमहाल, लाल समुद्राच्या तोंडाशी असलेले एडन, आणि खानदेशात सातपुड्याच्या कुशीतली मेहवासी सरदारांची गावे, त्यांत काठीसुद्धा. मध्य प्रांताच्या यादीत चांद्याच्या जमीनदाऱ्या होत्या. आपसांत काहीही साम्य नसलेले हे प्रदेश एका ओळीत आले, कारण सरकारच्या नजरेत ते सर्वच नेहमीच्या कायद्याला अपवाद होते. त्या कायद्याने स्थानिक सरकारला दिलेले अधिकारही साधे आणि अफाट होते. इथे कोणते कायदे चालू आहेत आणि कोणते नाहीत हे अधिसूचनेने जाहीर करायचे. देशात इतरत्र चालू असलेला कोणताही कायदा इथे आणायचा. आणि आणताना त्यात हवे ते निर्बंध घालायचे, हवे ते बदल करायचे. ही अधिसूचना छापली जाई इंग्रजी गॅझेटात. काठीच्या परिसरातल्या भिल्ल माणसाला आपल्यावर कोणता कायदा चालतो हे कळण्याचा मार्ग एकच होता: तो मोडल्यावर पकडले जाणे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कायदा चांगला असेल तर तो कोणी आणला याने काय बिघडते? भारतीय दंडसंहिता त्या काळच्या इंग्लंडमधल्या विस्कळीत फौजदारी कायद्यापेक्षा नेटकी होती. करारकायदा आणि पुराव्याचा कायदा न्यायाधीशांना हाती धरून चालवता येतील इतके सुबोध होते. हे मी मान्य करतो. पण याच आक्षेपाचे उत्तर पूर्व आफ्रिकेनेच दिले आहे. केनियात स्थायिक झालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना भारतीय दंडसंहिता आपल्यावर चालावी हे सहन होईना. त्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली. संहिता वाईट आहे हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. हिंदुस्थानातल्या रयतेसाठी बनवलेला कायदा आपल्या गळ्यात आपल्याला न विचारता का, हा होता. म्हणजे संमतीचा प्रश्न त्यांना नेमका कळत होता, फक्त तो आपल्यापुरता. १९३० मध्ये केनिया, युगांडा आणि टांगानिका इथे इंग्लिश वळणाची नवी दंडसंहिता आली. तिथल्या न्यायाधीशांपैकी अनेकांना जुनीच पसंत होती, पण निर्णय लंडनच्या वसाहत खात्याचा होता. आफ्रिकी माणसाला ना जुनी येताना कोणी विचारले, ना ती जाताना. आणि असे आणलेले कायदे सहजी जातही नाहीत. १८८२ चा भारतीय मालमत्ता हस्तांतर कायदा केनियात २०१२ पर्यंत चालू होता, स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे.

संमतीची ही किंमत साम्राज्यालाही ठाऊक होती, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९३१ चा वेस्टमिन्स्टर कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमाने ठरवले, की यापुढे ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा एखाद्या स्वायत्त वसाहतीला लागू व्हायचा असेल तर त्या वसाहतीने तो मागितला आहे आणि त्याला संमती दिली आहे असे त्या कायद्यातच म्हटलेले असावे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांना हा मान मिळाला. हिंदुस्थान, केनिया, एडन यांना नाही. तत्त्व उपलब्ध होते, शब्दांत बसवलेलेही होते. ते कोणाला लागू करायचे एवढेच वेगळ्या मापाने ठरले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक माणसांनी केला आहे. डोंगराळ मुलखाला नेहमीच्या कायद्यातून वगळले नसते तर दिवाणी कोर्टांच्या हुकूमनाम्यांनी आदिवासींची जमीन सावकारांच्या घशात गेली असती. वगळणे हे संरक्षण होते. अनेक ठिकाणी ते खरोखरच संरक्षण ठरले, आणि ज्या मैदानी भागात ते नव्हते तिथे सावकारीने काय केले हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनी दाखवून दिले. मात्र ढाल धरणारा हात आणि ती काढून घेणारा हात एकच असेल तर आत उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षितता त्या हाताच्या मर्जीवर राहते. ज्या अधिकाराने सावकाराचे कोर्ट दूर ठेवले त्याच अधिकाराने बुराचे हायकोर्टही दूर केले. गोदावरीकाठच्या रंपा टापूतही खास राजवट होती, आणि तरीही ताडीवरच्या नव्या अबकारी बंधनांनी तिथे १८७९ मध्ये बंड पेटले.

पोर्तुगीजांची रीत थोडी वेगळी होती. १८६७ ची त्यांची नागरी संहिता १८६९ च्या फर्मानाने गोव्यासह समुद्रापारच्या प्रांतांना लावली गेली, आणि १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता निघाली. गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी जात, हे खरे. पण फर्मान निघाले ते लिस्बनहूनच. पोर्तुगालने ती संहिता १९६७ पासून बदलली. गोवा तेव्हा भारतात होता, त्यामुळे मायदेशाने टाकलेली संहिता गोव्यात बऱ्याच अंशी चालू राहिली. आणि १९६१ च्या मुक्तीनंतर काय झाले? १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या सहाव्या कलमाने केंद्र सरकारला अधिकार मिळाला, की कोणत्याही राज्यात चालू असलेला कायदा निर्बंध वा बदल घालून अधिसूचनेने गोव्यात आणावा. १८७४ चीच ही रचना. गोव्याची पहिली निवडणूक १९६३ च्या डिसेंबरात झाली; तोवर कायद्यांची मोठी यादी लागू होऊन गेली होती. नव्याने सामील झालेल्या प्रदेशात कायद्याची पोकळी ठेवता येत नाही, घाई अपरिहार्य होती, असे म्हणता येईल आणि मी ते नाकारत नाही. पण घाईने आणलेले कायदे निवडून आलेल्या विधानसभेपुढे ठराविक मुदतीत मंजुरीसाठी ठेवावेत एवढी अट घालणे अशक्य नव्हते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिल्ली कायद्यांविषयीच्या अभिप्रायात ही रीत तपासली. सात न्यायमूर्तींनी सात वेगळी मते लिहिली. एकूण निष्कर्ष असा निघाला, की इतरत्रचा कायदा अधिसूचनेने आणणे चालेल, पण त्या भागात आधीच चालू असलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार सरकारला देता येणार नाही. ही मर्यादा महत्त्वाची होती. पण लोकांना विचारण्याची अट तिच्यात आली नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतही ती अपुरीच आहे. अनुसूचित क्षेत्राला एखादा कायदा लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असे राज्यपाल पाचव्या परिच्छेदाखाली अधिसूचनेने ठरवू शकतात. नवे विनियम करताना आदिवासी सल्लागार परिषदेचा विचार घेणे तिथे बंधनकारक आहे. कायदा वगळण्याच्या वा बदलण्याच्या अधिसूचनेसाठी तेवढेही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला, पण त्याचे नियम महाराष्ट्रात यायला २०१४ उजाडले. अशी प्रत्येक अधिसूचना आधी संबंधित ग्रामसभांपुढे त्यांच्या भाषेत, भिल्ली, पावरी, गोंडी, माडियात, ठेवली पाहिजे आणि त्यांचे म्हणणे अधिसूचनेसोबत छापले पाहिजे. यासाठी घटनादुरुस्तीची लांब वाट चालावी लागत नाही: पाचव्या अनुसूचीचा सातवा परिच्छेद संसदेला ही अनुसूची साध्या कायद्याने बदलण्याची मुभा देतो.