खोट्या भाकितांच्या खऱ्या कथा

जुन्या विज्ञानकथेचं भाकीत खरं ठरलं की खोटं, एवढ्यावरच तिला गुण द्यायची आपल्याला खोड आहे. या मापाने आयझॅक असिमोव्ह यांची १९५६ सालची ‘द लास्ट क्वेश्चन’ नापासच व्हायची. तिच्यातला २०६१ सालचा संगणक मैलोन्‌मैल पसरलेला आहे; आपला आजच खिशात मावतो. पण कथा संगणकाची नाहीच. दोन झिंगलेले कर्मचारी पाच डॉलरच्या पैजेपायी त्याला विचारतात, विश्वाची विझत चाललेली ऊर्जा पुन्हा भरून काढता येईल का? उष्मागतिकीतला हा पेच आजही सुटलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, या कथांत कल्पना ठसठशीत, माणसं मात्र पुठ्ठ्याची. असिमोव्हपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण रे ब्रॅडबरी यांची १९५० सालची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ घ्या. तिच्यात जिवंत माणूस एकही नाही. स्वयंचलित घर ठरल्या वेळी टोस्ट भाजतं, अंडी तळतं, आणि खायला कुणीच येत नाही म्हणून सगळं टाकून ताटल्या धुतं. बाहेर काळ्याठिक्कर भिंतीवर गवत कापणारा बाप, फुलं वेचायला वाकलेली आई आणि चेंडू खेळणारी दोन मुलं, यांच्या नुसत्या आकृत्या उरल्यात. हिरोशिमावरच्या अणुबॉम्बला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. कथेतला स्फोट कसा झाला हे ब्रॅडबरी रंगवत बसत नाहीत. त्या घराची बिनचूक शिस्त तेवढी दाखवतात, आणि अंगावर काटा येतो तो त्या शिस्तीनेच. ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात त्यांनी या कथेला दिलेली तारीख होती, ऑगस्ट २०२६. हे भाकीत मात्र साफ चुकलेलंच बरं.