पाहुण्याला बोलावले कोणी?

समजा, तुमच्या घरी सहा किलो वजनाचा एक लहानसा कुत्रा आहे. तुम्ही ध्यानाला बसलात की तो शेजारी अंग मुडपून पडून राहतो. आणि समजा, रात्री अंगणात त्याच्या दीडपट वजनाचा एक रानटी प्राणी येतो. त्याची नखे आणि दात तुमच्या कुत्र्याला सहज फाडू शकतात. तुम्ही अहिंसा मानता. आता तुम्ही काय कराल?

सत्संगात हा प्रश्न विचारला तर उत्तर चटकन मिळते. काही जण म्हणतील, सर्वांत तोच आहे, त्यालाही दोन घास घाला. काही म्हणतील, आधी आपले घर सांभाळा, अहिंसा नंतर. मी स्वतः ही दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या वेळी दुसऱ्यांना दिली आहेत. डेकवर रक्ताचे थेंब दिसेपर्यंत ती मला सोपी वाटत होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी इंदूरहून न्यू जर्सीला लेकीकडे गेले आणि सहा महिने राहिले. तिच्या घरी लाडू नावाचा शिह त्झू आहे. घराच्या मागे लाकडी डेक, त्यापुढे थोडी हिरवळ आणि मग झाडी. तुमच्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल. इंदूरला आमच्याकडे पहिली पोळी गायीची आणि उरलेले अन्न पाखरांसाठी गच्चीच्या कठड्यावर, ही सासूबाईंपासूनची रीत. तिथे गाय नव्हती, पण कठडा होता. मी रोज रात्री उरलेली पोळी, थोडा भात एका ताटलीत डेकवर ठेवू लागले. सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ असायची. परदेशातही आपला नेम चालू राहिला, याचे मला फार समाधान होते.

लेक दोनदा म्हणाली, "आई, इथे बाहेर अन्न ठेवायचं नसतं गं." मी मनात म्हटले, इथे राहून हिचा हात आखडला आहे.

पाखरे रात्री जेवत नाहीत, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. एका सकाळी डेकवर चिखलाचे ठसे दिसले, पाच बोटांचे, अगदी रांगत्या बाळाच्या पंजासारखे. ते रकूनचे होते. तुम्ही हा प्राणी चित्रांत पाहिला असेल: डोळ्यांवर काळी पट्टी, झुबकेदार शेपटीवर काळी वलये, आपल्याकडच्या उदमांजरासारखा निशाचर. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पोव्हाटन लोकांच्या भाषेतून हे नाव इंग्रजीत आले, आणि त्याचा अर्थ हातांनी घासणारा, खरवडणारा असा आहे. शास्त्रीय नावातही धुणारा या अर्थाचा शब्द आहे, कारण तो पाण्यात अन्न चाचपत असतो. खरे तर तो धूत नसतो. त्याचे सारे ज्ञान पंजांच्या स्पर्शात असते, आणि पाण्यात तो स्पर्श अधिक तीव्र होतो. कचऱ्याच्या डब्याचे झाकण, दाराची कडी, सारे तो चाचपून उघडतो.

मेच्या शेवटी एका रात्री दहाच्या सुमारास लाडूला नेहमीप्रमाणे मागे सोडले आणि मिनिटभरात त्याची किंकाळी ऐकू आली. जावई धावले. डेकखाली रकूनची मादी पिल्ले घेऊन राहत होती आणि लाडू तिच्या तोंडापर्यंत गेला होता. कान फाटलेला, खांद्यावर खोल जखम. टाके पडले. लाडूची रेबीजची लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी लगेच आणखी एक मात्रा दिली आणि ४५ दिवस त्याच्यावर नजर ठेवायला सांगितले. अमेरिकेच्या पूर्व भागात रकून हे रेबीजचे एक मोठे वाहक आहेत. तिथले सरकार लस खाद्यात घालून रानात टाकते, इतका तो प्रश्न जुना आहे. ते ४५ दिवस आमच्या घरात कोणी मोकळेपणाने हसले नाही. नात आठ वर्षांची. तिने मला एकदाच विचारले, "आजी, तूच तिला जेवायला बोलावलं होतंस ना?"

या प्रश्नावर मी पुष्कळ चिंतन केले. तुम्हीही माझ्याबरोबर थोडे करा.

माझ्या दानात कोणाचे हित होते? संत नामदेवांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मी मनातल्या मनात स्वतःला त्या रांगेत बसवले होते. पण नामदेव त्या कुत्र्याकडे पाहत होते. मी कोणाकडेच पाहत नव्हते. ताटली रिकामी झाली की माझे काम झाले. कोण खाते, कुठून येते, पोट भरल्यावर कुठे झोपते, याची मी एकदाही चौकशी केली नाही. रकूनला माझ्या पोळीची गरज नव्हती. झाडीत किडे, बोरे, ओढ्यात मासे, बेडूक होते. मी तिला फक्त एवढेच शिकवले की या घराजवळ राहणे फायद्याचे आहे. म्हणून पिल्लांसाठी तिने हाच डेक निवडला असावा.

आता दुसरी बाजू. जावई अतिशय शांत स्वभावाचे, पण त्या रात्री म्हणाले, "आई, उद्या माणूस बोलावून पिंजरा लावतो. पकडून दूर जंगलात सोडतील." आम्हा सर्वांनाच हे दयेचे वाटले. दुसऱ्या दिवशी फोनवर त्या माणसाने सरळ सांगितले की पकडलेला रकून दुसरीकडे सोडता येणार नाही, त्याला मारावे लागेल. तिथल्या अनेक राज्यांत असे नियम आहेत, आणि त्यांना कारण आहे: प्राण्याबरोबर रोगही नव्या जागी जातो. जिथे सोडण्याची मुभा असते तिथेही अनोळखी रानात त्या प्राण्याला ना बीळ माहीत असते ना पाणी, आणि तिथे आधीपासून राहणारे रकून त्याला टिकू देतीलच असे नाही. शिवाय आई पिंजऱ्यात गेली की डेकखालची चार-पाच पिल्ले अंधारात भुकेने मरतात. घरमालकाला ते दिसत नाही, आठवड्याने फक्त वास येतो.

म्हणजे 'दूर सोडतील' हे शब्द आपल्या सोयीचे होते. हिंसा आपल्या अंगणात होऊ नये एवढीच आपली अट होती. पैसे देऊन ती दुसऱ्याच्या हाताने झाली तर आपण शाकाहारी जेवण जेवून झोपणार होतो. मला वाटते, आजच्या काळात साधकासमोरची हिंसा बहुधा याच रूपात येते.

यावर काही साधक म्हणतात, "मग तुम्ही लाडूला जास्त का मानता? हा तर मोह झाला." या आक्षेपाला वजन आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुष ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे समान दृष्टीने पाहतो, असे सांगितले आहे. पण पाहणे समान असले तरी वागणे तेच कसे असेल? गाय समोर आली तर आपण तिच्या पाठीवरून हात फिरवतो. हत्ती आला तर वाट सोडतो. दोन्हींत आदर आहेच.

लाडू आमचा आश्रित आहे. माणसाने हजारो वर्षे कुत्र्याला आपल्यावर विसंबायला शिकवले, आणि शिह त्झूसारख्या जातीला तर इतके लहान आणि मऊ केले की स्वतःचे रक्षण करणे त्याला शक्यच नाही. महाप्रस्थानात युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात ज्याला सोडायला नकार दिला, तो आश्रयाला आलेला कुत्राच होता. आश्रिताचे रक्षण हे कर्तव्य आहे, त्याला मोह म्हणू नये. रकून मात्र आश्रित नाही, स्वतंत्र आहे. तिला आपल्याकडून प्रेम, अन्न, औषध काही नको. तिचे आपल्यावरचे देणे एवढेच की तिच्या जगण्यात विनाकारण ढवळाढवळ करू नये. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता यांच्या बरोबरीने चौथी भावना सांगितली ती उपेक्षा. तिथे ती अपुण्याच्या संदर्भात आहे हे मला माहीत आहे. पण अंगणात मला त्या शब्दाचा एक वेगळा उपयोग सापडला: न बोलावणे, न दुखावणे, आणि दोन्हींत मन शांत ठेवणे.

माणसाने या प्राण्याच्या बाबतीत हे क्वचितच केले आहे. जर्मनीत १९३४ मध्ये एडरसे सरोवराजवळ रकूनच्या दोन जोड्या मुद्दाम सोडल्या गेल्या, का तर तिथल्या रानाला शोभा यावी. आज ते त्या देशात लाखोंनी आहेत आणि दर वर्षी मोठ्या संख्येने मारले जातात. जपानमध्ये १९७७ साली रास्कल नावाच्या गोड रकूनची मालिका टीव्हीवर लागली आणि घरोघरी मुलांनी तसा प्राणी मागितला. परदेशातून पिल्ले आली. ती मोठी होऊन चावू लागली, तेव्हा लोकांनी ती रानात सोडून दिली. आता तिथल्या प्राचीन मंदिरांची लाकडे ते ओरबाडतात, म्हणून त्यांना उपद्रवी ठरवले आहे. मालिकेतल्या मुलानेसुद्धा शेवटी आपला रकून रानाला परत दिला होता. तेवढे मात्र कोणी पाहिलेले दिसत नाही. माझी ताटली याच गोष्टीची छोटी आवृत्ती होती.

मग आम्ही काय केले? लेकीने वन्यजीवांची सेवा करणाऱ्या एका बाईंना विचारले. त्यांनी सांगितले की घाई करू नका. मादीला जागा असुरक्षित वाटली की ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते, कारण तिच्या मनात आणखी एक-दोन जागा असतातच. डेकखाली दिवसभर दिवा आणि बोलण्याचा रेडिओ लावून ठेवा. डांबराच्या गोळ्या किंवा अमोनिया टाकू नका, कोवळ्या पिल्लांना त्याचा त्रास होतो. आणि हो, दिवसा रकून दिसली म्हणजे ती पिसाळलीच असे नाही; बाळंतीण भुकेली असते. आम्ही तसेच केले. चौथ्या रात्री खिडकीतून मी तिला पाहिले. तोंडात एक पिल्लू, झाडीपर्यंत जाऊन रिकामी परत, पुन्हा दुसरे. तिने पाच फेऱ्या केल्या. मी नातीला उठवले नाही याची आता रुखरुख वाटते.

दोन दिवस खात्री करून जावयांनी डेकच्या चारी बाजूंना जाड जाळी लावली. तिची खालची कडा जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याला आत येता येत नाही. आत पिल्लू राहिले असताना अशी जाळी लावणे म्हणजे त्याला जिवंत पुरणे होय, म्हणून ही खात्री करण्यात आळस करू नका. कचऱ्याच्या डब्याला पट्टा बांधला आणि तो रात्रीऐवजी सकाळी बाहेर ठेवू लागलो. लाडूची पाण्याची वाटीसुद्धा आत आली. कोपऱ्यात तिची विष्ठेची जागा होती. तिच्यातल्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि कुत्र्याला, मुलांनाही बाधतात. तोंडाला फडके आणि हातांत मोजे घालून ती उचलली, जागेवर उकळते पाणी ओतले. आता रात्री लाडू एकटा बाहेर जात नाही. आधी दिवा लावायचा, दोन टाळ्या वाजवायच्या, थोडे थांबायचे, मग पट्टा बांधून उतरायचे. त्या टाळ्या वाजवताना मला देवळात शिरताना वाजवायच्या घंटेची आठवण व्हायची. आत जो आहे त्याला आपण आल्याची वर्दी.

लाडूचे ४५ दिवस पार पडले, तो खणखणीत आहे, फक्त एक कान वाकडा राहिला. माझा नेम मी बदलला. उरलेले अन्न राहूच नये इतकाच स्वयंपाक, आणि पाखरांसाठी सकाळी पाणी, तेही संध्याकाळी उचलून.

ऑगस्टमध्ये तीन घरे सोडून एका अंगणात तारेचा पिंजरा दिसला. दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली आणि काहीतरी झाकून घेऊन गेली. ती आमचीच होती की दुसरी, हे कळायला मार्ग नव्हता. माझ्या पोळ्यांनी तिची माणसांविषयीची भीती जितकी कमी केली, तितकी आमच्या दिव्याने आणि रेडिओने परत आणली का, हे मला सांगता येत नाही. त्या संध्याकाळी मी लेकीबरोबर त्या शेजाऱ्यांकडे गेले, आमच्या डेकखाली काय केले ते सांगितले, जाळी कुठे मिळते ते लिहून दिले. त्यांनी कागद घेतला आणि विचारले की हे सर्व आम्हाला कसे कळले. लेक माझ्याकडे पाहू लागली. मग मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना ताटलीची गोष्ट सांगितली.